पाचवं कारण

1 जुलै 2023. मध्यरात्र उलटून दीडचा सुमार. समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळच्या पिंपळखुटा शिवारात नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी ट्रॅव्हल्स उलटली आणि पेटली. आत 33 जण होते. आठ वाचले, 25 जण गेले. वर्धा, नागपूर, यवतमाळकडची, शिकायला किंवा नोकरीसाठी पुण्याला निघालेली कितीतरी तरुण मुलं त्यांत होती. दुसऱ्या दिवशी बुलडाण्यात 24 जणांवर एकत्र अंत्यसंस्कार झाले. पुढे काही दिवसांनी त्याच जागी एका आध्यात्मिक केंद्राशी संबंधित लोक जमले. त्यांनी सामूहिक महामृत्युंजय जप केला, रस्त्याकडेला एक यंत्र पुरलं आणि आता आसपासच्या पाच किलोमीटरमध्ये अपघात होणार नाहीत असं सांगितलं. बातमी झाली, अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी आक्षेप घेतला आणि 2013च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा नोंदवला गेला.

त्या जागी त्याआधी आणखीही काही माणसं येऊन गेली होती. टायर फुटल्यामुळे बस उलटली, असं चालकाचं म्हणणं होतं. अमरावतीच्या प्रादेशिक परिवहन कार्यालयाच्या अहवालाने ते नाकारलं. टायर फुटला तर रबराचे तुकडे रस्त्यावर विखुरतात, डांबरावर किंवा सिमेंटवर चाकाच्या खुणा उमटतात. तिथे तसं काही सापडलं नव्हतं.

जप करणारे आणि खुणा शोधणारे, दोघांनाही एकच गोष्ट हवी होती: पुन्हा असं घडू नये. जप करणाऱ्यांना भोंदू म्हणून मोकळं होणं सोपं आहे, पण हादरलेली, हळहळलेली माणसं अशा वेळी देवाकडे वळतात हे कुणालाही कळतं. त्यांच्या हेतूबद्दल इथे वाद नाही. रस्त्यावर माणूस मरतो तेव्हा त्याचं कारण कुठे शोधायचं, एवढाच प्रश्न आहे. तो धर्माचा आहे, तत्त्वज्ञानाचा आहे, आणि रस्ता सुरक्षेचं काम करणाऱ्या अधिकाऱ्याच्या रोजच्या ड्युटीचाही आहे.

चांदूर रेल्वे तालुक्यात हा प्रश्न फार जवळून दिसतो. अमरावती जिल्ह्यात समृद्धी महामार्ग धामणगाव रेल्वे, चांदूर रेल्वे आणि नांदगाव खंडेश्वर या तीन तालुक्यांतून जातो. त्यावर मोटारींना ताशी 120 किलोमीटरची मुभा आहे. चांदूर रेल्वे तालुक्यातूनच अमरावतीकडे जाणारा रस्ता पोहरा-मालखेडच्या जंगलातून जातो. तिथे रात्री रोही किंवा रानडुक्कर दिव्यांसमोर कधी उडी घेईल याचा नेम नसतो. दिवाळीनंतर कापसाच्या ट्रॉल्या निघतात, मृगाच्या आणि आंबियाच्या हंगामात संत्र्याचे टेम्पो निघतात. गुढीपाडव्याला सावंगा विठोबाच्या यात्रेला दूरदूरहून भाविक येतात. कृष्णाजी अवधूत महाराजांच्या त्या देवस्थानात कापराचे ढीग जळतात, उंच झेंडे लागतात, आणि गावाकडे येणारा प्रत्येक रस्ता दुचाक्या, ऑटो, मालवाहू गाड्या नि पायी चालणाऱ्यांनी भरून जातो. शेजारच्या तिवसा तालुक्यातल्या कौंडण्यपुराहून रुक्मिणीची पालखी पंढरीला पायी निघते. त्याच तालुक्यात राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं गुरुकुंज मोझरी आहे, तेही नागपूर-अमरावती राष्ट्रीय महामार्गाच्या अगदी काठावर. श्रद्धेची माणसं आणि वेगाची वाहनं इथे एकाच वाटेने जातात.

आणि कुणी गेलं की ओट्यावर बसलेली म्हातारी माणसं म्हणतात, "होनी होती बापा, कोन टाळनार?" कुणी थोडक्यात बचावला की म्हणतात, काळ आला होता, पण वेळ आली नव्हती.

या बोलण्याला हसण्याचा अधिकार कुणालाच नाही. ज्या बाईचा मुलगा सकाळी डबा घेऊन निघाला आणि दुपारी शवविच्छेदनाच्या खोलीत सापडला, तिला 'तेवढंच आयुष्य होतं त्याचं' हे वाक्य श्वास घ्यायला जागा देतं. पाच मिनिटं उशिरा निघाला असता तर, हेल्मेट हातात दिलं असतं तर, या 'तर'च्या फासातून ते वाक्य तिला सोडवतं. शोकाला आधार लागतो, आणि तो आधार आपल्याकडे शतकानुशतकं प्रारब्धाने दिला आहे. समजूतदार अधिकारी त्या घरात जबाब घ्यायला जातो तेव्हा तो आधार काढून घेत नाही.

पण सांत्वनाचं वाक्य पंचनाम्यात उतरलं की त्याचा अर्थ पालटतो. घरातल्या माणसाच्या तोंडी 'होणारं होऊन गेलं' ही शरणागती असते. तेच वाक्य रस्ता बांधणाऱ्याने, गाडी धाडणाऱ्याने किंवा तपास करणाऱ्याने उच्चारलं तर ती जबाबदारीतून सुटका होते. शिवाय या विचाराच्या पोटात एक क्रूरता दडलेली आहे. 31 ऑक्टोबर 2022 रोजी सांगोला तालुक्यातल्या जुनोनीजवळ कार्तिकी वारीला पायी निघालेल्या दिंडीत मागून मोटार घुसली आणि सात वारकरी गेले. ते कोल्हापूर जिल्ह्यातून विठ्ठलाच्या वाटेवर निघाले होते. प्रारब्धाचा हिशेब खरा मानला तर त्या सातजणांनी असं काहीतरी केलं होतं की ज्याचं फळ त्यांना मिळालं, असं म्हणावं लागेल. आणि मोटार? ती त्यांच्या कर्मफळाची निव्वळ वाहक ठरेल. मेलेल्याला दोषी आणि मारणाऱ्याला निमित्त ठरवणारा हा निवाडा कुठल्या धर्माला मान्य होईल?

परंपरेनेच या प्रश्नाचा विचार किती बारकाईने केला आहे, हे पाहण्यासारखं आहे. गीतेच्या अठराव्या अध्यायात कुठलंही कर्म घडायला पाच कारणं लागतात असं सांगितलं आहे: अधिष्ठान, कर्ता, करण म्हणजे साधन, वेगवेगळ्या चेष्टा म्हणजे हालचाली, आणि पाचवं दैव. ज्ञानेश्वरांनी या पाचांचा एकेक करून विस्तार केला आहे. जुने भाष्यकार अधिष्ठान म्हणजे शरीर असा अर्थ लावतात. तो अर्थ थोडा रुंदावून कर्म जिथे घडतं ती जागा असा घेतला, तर अपघाताच्या तपासाचा संपूर्ण तक्ताच समोर येतो. अधिष्ठान म्हणजे रस्ता: त्याचं वळण, उतार, दुभाजक, पृष्ठभाग. कर्ता म्हणजे चालक: त्याची झोप, त्याचं पिणं, त्याचा सराव. करण म्हणजे गाडी: टायर, ब्रेक, दिवे, दारं. चेष्टा म्हणजे त्या क्षणी चाललेल्या सगळ्या हालचाली: समोरच्याचं वळणं, मागच्याचं ओव्हरटेक करणं, रुग्णवाहिका किती वेळात आली, जवळच्या दवाखान्यात काय होतं. आणि मग दैव.

गीतेने दैव नाकारलं नाही. त्याला पाचवी जागा दिली. आधीची चार कारणं तपासल्याशिवाय पाचव्याकडे जाता येत नाही, हा त्या क्रमाचा अर्थ रस्ता सुरक्षेच्या अधिकाऱ्याने घ्यायला हरकत नाही.

थोडा पुढचा एक श्लोक तर आणखी खोलात नेतो. इतकी कारणं असताना जो एकट्या स्वतःलाच कर्ता समजतो त्याची बुद्धी कच्ची, असं तिथे म्हटलं आहे. अध्यात्मात हा अहंकाराला दिलेला इशारा आहे. पण तपासातही हीच चूक नेहमी होते, फक्त बोट दुसऱ्याकडे असतं: 'चालकाची चूक' असं लिहून फाइल बंद. चालक चुकलेला असतोच, बहुतेक वेळा. 2022 साली देशात 1,68,491 माणसं रस्त्यावर मेली आणि त्यांतले सत्तर टक्क्यांहून अधिक मृत्यू अतिवेगाच्या खात्यात नोंदले गेले. पण वेग का वाढला, तो वाढू शकेल असा रस्ता कुणी केला, गाडी उलटल्यावर दार खाली दबलं तर बाहेर पडायला दुसरी वाट होती का, सलग किती तास तो माणूस स्टेअरिंगवर होता, हे प्रश्न एका शब्दाखाली गाडले जातात. समृद्धीवरच्या अपघातांचा अभ्यास करताना नागपूरच्या व्हीएनआयटीतल्या अभ्यासकांनी महामार्ग संमोहनाकडे लक्ष वेधलं होतं. सरळ, एकसुरी, थांबे नसलेल्या रस्त्यावर चालकाचे डोळे उघडे राहतात आणि मन झोपी जातं. ताशी 120च्या वेगात गाडी सेकंदाला 33 मीटर जाते. तीन सेकंदांची डुलकी म्हणजे शंभर मीटर गाडी कुणीच चालवत नसतं. या डुलकीत चालकाचा वाटा आहे, तसाच थांबा न ठेवणाऱ्याचाही आहे.

कायदाही सावकाश याच विचारावर आला. 2019मध्ये मोटार वाहन कायद्यात कलम 198-अ आलं. रस्त्याचा आराखडा, बांधकाम किंवा देखभाल ठरलेल्या मानकांप्रमाणे न केल्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आलं, तर संबंधित यंत्रणेला, ठेकेदाराला किंवा सल्लागाराला एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. रक्कम थोडी आहे, पण तिच्यामुळे कर्त्यांची यादी लांबली.

जगात हा विचार सर्वांत ठामपणे स्वीडनने मांडला. 1997च्या ऑक्टोबरात तिथल्या संसदेने 'शून्य मृत्यू' हे धोरण मंजूर केलं. माणूस चुकणार हे गृहीत धरायचं, आणि त्या चुकीची शिक्षा मरण असणार नाही असा रस्ता बांधायचा, हे त्याचं सार. अपघातातली पहिली जबाबदारी रस्ता आखणाऱ्यांवर टाकणारं हे नीतिशास्त्रच होतं. स्वीडनमध्ये 1997 साली 541 जण रस्त्यावर गेले होते; 2022 साली 227. त्या देशाची लोकसंख्या साधारण एक कोटी. त्याच 2022 साली बारा-तेरा कोटींच्या महाराष्ट्रात 15,224 जण गेले. लोकसंख्येच्या प्रमाणात पाहिलं तर आपल्याकडचा आकडा पाचपटीच्या पुढे आहे. दैव सगळीकडे सारखंच असेल तर हा फरक पहिल्या चार कारणांनीच पडला असणार.

देशातलेच आकडे पाहा. 2022मध्ये मेलेल्यांपैकी जवळजवळ 45 टक्के दुचाकीवर होते आणि सुमारे 20 टक्के पायी चालणारे. हेल्मेट नव्हतं म्हणून नोंदले गेलेले मृत्यू 50,029. आयुष्याची दोरी जन्माच्या वेळीच मापून दिलेली असती तर डोक्यावर काय घातलं आहे किंवा माणूस पायी आहे की मोटारीत, याने ती इतकी तुटली नसती.

टायरचा प्रश्न तर न्यायालयातच सुटला. 2010मध्ये पुण्याहून मुंबईकडे येणाऱ्या एका मोटारीचं मागचं चाक फुटलं, गाडी खोल खड्ड्यात गेली आणि 38 वर्षांचा एक प्रवासी गेला. भरपाई नाकारताना विमा कंपनीने सांगितलं की टायर फुटणं ही ईश्वरी करणी आहे. मुंबई उच्च न्यायालयाने 2023मध्ये ते अमान्य केलं. ईश्वरी करणी म्हणजे माणसाच्या आवाक्याबाहेरचा निसर्गाचा कोप. टायर फुटण्यामागे जादा वेग, कमी-जास्त हवा, जुनाट टायर, वाढलेलं तापमान अशी कारणं असतात आणि निघण्याआधी टायर पाहणं हे गाडीवाल्याचं काम आहे, असा त्या निकालाचा आशय होता. त्याच्या आधी, 2001मध्ये, सर्वोच्च न्यायालय आणखी पुढे गेलं होतं. जीपचा टायर फुटून पायी जाणारा माणूस दगावला. कुणाचा हलगर्जीपणा सिद्ध झाला नाही म्हणून न्यायाधिकरणाने दावा फेटाळला होता. कौशनुमा बेगम खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हलगर्जी सिद्ध झाली नाही तरी धोकादायक वस्तू रस्त्यावर आणणाऱ्याने भरपाई द्यायची. पाचवं कारण खरं मानलं, तरी त्याचा भार मेलेल्याच्या घरावर पडू द्यायचा नाही, असा हा न्याय आहे.

वऱ्हाडात या विषयावर आणखी एक आवाज घुमतो. इथल्या गावागावांतून दरवर्षी माणसं नागपूरच्या दीक्षाभूमीला जातात. डॉ. आंबेडकरांनी 14 ऑक्टोबर 1956 रोजी तिथे धम्मदीक्षा घेतली. माणसाचं आजचं दुःख म्हणजे त्याच्या मागच्या जन्माच्या कर्माचं फळ, ही कल्पना त्यांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात कठोरपणे तपासली आणि नाकारली. मूळ पाली परंपरेतही याला भक्कम आधार आहे. संयुत्त निकायात मोलियसीवक नावाचा परिव्राजक बुद्धाला विचारतो: माणूस जे सुखदुःख भोगतो ते सगळं पूर्वकर्मामुळेच, असं काही श्रमण म्हणतात, आपलं काय मत? बुद्ध ते मत चूक ठरवतात आणि वेदनेची आठ कारणं सांगतात. पित्त, कफ, वात, तिन्हींचा मेळ, ऋतूचा पालट. मग बेपर्वा वागणूक. मग दुसऱ्याने अचानक केलेला आघात. आणि कर्मविपाक आठवा. बेपर्वाई आणि आघात ही दोन्ही कारणं अडीच हजार वर्षांपूर्वी कर्माच्या हिशेबातून वेगळी काढून ठेवलेली आहेत. अपघाताची नोंद करणाऱ्या कुठल्याही हवालदाराला ही यादी ओळखीची वाटेल. गीतेत दैव पाचवं, इथे कर्म आठवं. दोन वेगळ्या परंपरा, पण दोन्हींनी अदृश्याला रांगेत शेवटी उभं केलं.

मग अधिकाऱ्याच्या वाट्याला काय येतं? वेदान्ताने कर्माचे तीन भाग केले: साठलेलं संचित, भोगायला सुरुवात झालेलं प्रारब्ध, आणि आत्ता हातून होत असलेलं क्रियमाण. अधिकाऱ्याची हद्द क्रियमाणाची. परिवहनच्या वायुवेग पथकातला निरीक्षक, महामार्ग पोलीस, ठाण्यातला अंमलदार, बांधकाम खात्याचा अभियंता, यांची कामं वेगळी, खाती वेगळी, पण हद्द हीच. अपघात झाला की जागेची माहिती, फोटो, वाहनांचा तपशील मोबाइलवरून केंद्राच्या आयरॅड प्रणालीत भरायचा. ती आयआयटी मद्रास आणि राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने उभी केली आहे. पाचशे मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात झाले, किंवा दहा माणसं गेली, तर ती जागा 'ब्लॅक स्पॉट' ठरते आणि तिथे दुरुस्ती करावी लागते. म्हणजे गावकरी ज्या वळणाला 'खराब जागा' म्हणतात, तिथे नारळ फोडून पुढे जातात, त्याच वळणाची खोड नेमकी कशात आहे ते शोधायचं. कधी ते झुडूप असतं, कधी उलटा उतार, कधी दुभाजकातली कुणीतरी सोयीसाठी फोडलेली वाट. झुडूप कापलं, वाट बुजवली, आणि त्या जागेची कीर्ती बदलली असे अनुभव या कामातल्या लोकांना असतात.

या कामाचं फळ दिसत नाही, ही त्यातली सर्वांत अवघड बाजू. शल्यचिकित्सकाने वाचवलेला रुग्ण पेढे घेऊन येतो. टोलनाक्यावर घासलेला टायर पाहून ज्याची गाडी अडवली, तो माणूस मात्र चिडून, उशीर झाला म्हणून बडबडत जातो. तो कधी मेला असता हे त्याला कळणार नाही, आणि अधिकाऱ्यालाही कळणार नाही. न घडलेल्या अपघाताला साक्षीदार नसतो. निष्काम कर्माचं याहून नेमकं उदाहरण सरकारी नोकरीत क्वचितच मिळेल. मात्र निष्काम म्हणजे बेहिशेबी नव्हे. एकेका माणसाचं वाचणं दिसत नसलं तरी वर्षाच्या आकड्यात ते दिसतं, म्हणून आकडा प्रामाणिकपणे लिहिणं ही या कामातली साधना आहे. जिल्ह्याचा आलेख चांगला दिसावा म्हणून दवाखान्यात आठ दिवसांनी गेलेल्या जखमीला मृतांच्या यादीबाहेर ठेवणं हे केवळ कागदी पाप नाही. पुढच्या मरणाची वाट त्याने मोकळी होते.

दुसरी अडचण दंडाची. कापूस भरलेली ट्रॉली रात्री जिनिंगकडे निघाली आहे, मागे लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. ट्रॅक्टरवाला शेतकरी आहे, भाव पडलेला आहे. पावती फाडली तर त्याची दोन-तीन दिवसांची कमाई जाते. सोडलं तर मागून येणारा दुचाकीवाला अंधारात त्या ट्रॉलीवर आदळू शकतो, आणि तोही बहुधा शेतकऱ्याचाच मुलगा असतो. शंकराचार्यांनी त्या पाचव्या कारणाचा अर्थ लावताना इंद्रियांवर अनुग्रह करणाऱ्या देवता असं म्हटलं आहे. डोळ्याची देवता सूर्य. रात्री तो अनुग्रह मावळतो, आणि त्याची जागा काही रुपयांच्या लाल-पिवळ्या पट्टीला घ्यावी लागते. म्हणून हंगामात जिनिंगच्या दारात उभं राहून ट्रॉल्यांना रिफ्लेक्टरच्या पट्ट्या लावणारा अधिकारी दंडही करतो आणि दयाही. पट्टी लावून दिल्यावरही जो पुढच्या वर्षी ती काढून येतो, त्याला मात्र दंडच योग्य.

आणि अधिकारी स्वतः? पाच कारणांच्या यादीत तोही आहे. 15 ऑक्टोबर 2023 रोजी मध्यरात्रीनंतर सैलानीच्या दर्ग्यावरून नाशिककडे परतणाऱ्या भाविकांची गाडी समृद्धीवर वैजापूरजवळ ट्रकवर आदळली आणि 12 जण गेले. तपासणीसाठी तो ट्रक महामार्गावर थांबवला होता, या आरोपावरून परिवहन खात्याच्या दोन सहायक मोटार वाहन निरीक्षकांना अटक झाली. त्या दोघांचा न्याय न्यायालय करील. पण या घटनेने साऱ्या खात्यापुढे जो प्रश्न उभा केला तो टाळता येत नाही. गाडी कुठे थांबवायची, किती वाजता, मागे किती अंतरावर कोन आणि दिवे ठेवायचे, हे ज्याच्या हाती आहे तो रक्षक एका चुकीच्या इशाऱ्याने कारण बनू शकतो. दुसऱ्याच्या बेपर्वाईवर बोट ठेवण्याचा अधिकार स्वतःच्या सावधपणातूनच मिळतो.

चांदूरच्या परिसरात या कामाला जुना आशीर्वाद आहे. याच अमरावती जिल्ह्यात शेंडगावला जन्मलेल्या गाडगेबाबांनी गावात शिरताना आधी खराटा हाती घेतला. देवळात जाण्याआधी रस्ता झाडला, आणि कीर्तनात देवाला नवस बोलणाऱ्यांना उलट प्रश्न विचारून विचार करायला लावलं. 20 डिसेंबर 1956 रोजी अमरावतीकडे नेलं जात असताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलापाशी, प्रवासातच, त्यांनी देह ठेवला. इस्लामच्या हदीस परंपरेत वाटेतला त्रासदायक अडथळा दूर करणं हा ईमानाचाच एक भाग मानला आहे, आणि उंट आधी बांधा मग अल्लाहवर भरवसा ठेवा, अशी शिकवण आहे. जुनोनीचे वारकरी, सैलानीचे भाविक, दीक्षाभूमीचे यात्रेकरू सगळे रस्त्यानेच जातात. त्यांच्या वाटेवरचा अडथळा काढणं हे त्यांच्या देवाचंच काम आहे, असं म्हणायला या तिन्ही परंपरा मोकळीक देतात.

यानंतरही काहीतरी उरतं. चारही कारणं नीट असताना, पट्टा लावलेला असताना, वेग मर्यादेत असताना झाड कोसळतं, रोही झेपावतो, आणि एक जण जातो तर शेजारी बसलेला ओरखडाही न येता उठतो. का हा, का तो नाही, याचं उत्तर कुठल्याही अहवालात नसतं. तिथे दैव म्हणावं, ईश्वरेच्छा म्हणावी, की नुसतं गप्प बसावं, हे ज्याचं त्याने ठरवावं. अधिकाऱ्यालाही संध्याकाळी घरी जाऊन देवापुढे दिवा लावण्याचा हक्क आहे. मात्र त्या पाचव्या कारणापाशी पोचण्याची घाई करण्याचा हक्क त्याला नाही, आणि आपल्यालाही नाही.

म्हणून चांदूरच्या आणि सगळ्याच वऱ्हाडातल्या वाचकांना सांगणं आहे. दसऱ्याला गाडीला झेंडूचा हार घालाल, लिंबू ठेवाल, तेव्हा टायरच्या बाजूवर उत्पादनाचा चार अंकी क्रमांकही वाचा: पहिले दोन अंक आठवडा सांगतात, शेवटचे दोन वर्ष. मागचे दिवे लागतात का ते मुलाला मागे उभं करून पाहा. सावंगा विठोबाला यात्रेकरू घेऊन जाणाऱ्या मालवाहू गाडीत बायकापोरांना उभं करून नेऊ नका. देवस्थानांच्या समित्यांनी आणि ग्रामसभांनी दिंडीच्या शेवटच्या माणसाच्या पाठीवर चमकती पट्टी आणि हातात दिवा देण्याचा ठराव करावा. आणि रस्त्यावर कुणी पडलेला दिसला तर मोबाइलवर चित्रण करण्याऐवजी 108ला फोन करून थांबा. मोटार वाहन कायद्याच्या कलम 134-अ प्रमाणे सद्भावनेने मदत करणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होत नाही, आणि त्याला स्वतःचं नाव-पत्ता सांगण्याची सक्ती पोलीस किंवा दवाखाना करू शकत नाही.